काढायची राहिलेली वायर

"सिस्टर, काई बदललं का?"

आयसीयूच्या दाराशी चपला काढता काढता तो हे विचारायचा. नमस्कार नाही, बसू का नाही. मान जराशी कललेली, एक हात चौकटीवर, आणि डोळे माझ्याकडे नाहीत, माझ्या पाठीमागच्या स्क्रीनकडे.

"काई नाई बदललं, भाऊ."

"काईतरी बदललंच असन. उगं बंद पडत नाई काई."

मग तो टेबलाखाली वाकायचा, कपाट सरकवायचा, भिंतीच्या कडेने वायरीमागे वायर चाचपत जायचा, आणि काहीतरी निघायचंच. कोणीतरी प्रिंटर या भिंतीवरून त्या भिंतीला नेलेला असायचा. कोणीतरी मोबाइल चार्ज करायला भलताच प्लग काढून ठेवलेला असायचा. "पाह्यलं?" एवढंच म्हणायचा. त्याला रागावलेलं मी कधी पाहिलं नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधानही कधी दिसलं नाही. एक सापडलं, आता दुसरं कुठं असेल, असाच तो उठायचा.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. घरात सगळे हसत असताना मध्येच उठून गॅसची कळ बघून येणारा.

आदिलाबादच्या एका खाजगी दवाखान्यात मी आयसीयूची इनचार्ज सिस्टर, आणि तो तिथला 'सिस्टमवाला'. आमच्या दवाखान्यात प्रत्येक मजल्यावर एक चपटी लोखंडी पेटी आहे. तिला स्विच म्हणतात. दिव्याचा स्विच नव्हे. या पेटीला ओळीने भोकं असतात, प्रत्येक भोकात एक निळी वायर, आणि प्रत्येक वायरीवर एक बारीक हिरवा दिवा. केसपेपर, रिपोर्ट, औषधांची मागणी, कॅमेरे, आयसीयूतल्या पेशंटच्या नाडीचे आकडे, सगळं त्या पेट्यांमधून जातं. साध्या पेट्याही बाजारात मिळतात, वायर खोचली की चालू. आमच्या मात्र शिकवाव्या लागणाऱ्या होत्या. कोणत्या भोकातून काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं, हे पेटीला आधी सांगून ठेवावं लागतं. सांगण्यात चूक झाली, तर ती इमानाने चूकच करत राहते.

हे मला त्यानेच समजावलं होतं. समजावताना आवाज इतका खाली आणायचा, की जणू पेटी ऐकते आहे.

दवाखान्यात त्याचं दुसरं नाव होतं पनवती. तो कॉरिडॉरमधून येताना दिसला, की बिलिंगच्या पोरी कुजबुजायच्या, "आली रे पनवती, आता पडलं बंद." खरं म्हणजे उलटं होतं. काहीतरी बिघडू लागलेलं त्याला आधी कळायचं आणि म्हणून तो यायचा. पण लोकांना दिसायचं ते एवढंच, की हा आला आणि बंद पडलं. त्याच्याही कानावर ते गेलं होतं. एकदा काउंटरशी उभा राहून त्या पोरींना म्हणाला, "मी नाई आलो तरी पडन बाई. फक्त तुमाले उशिरा समजन." पोरी हसल्या. तो हसला नाही.

काही प्रसंग मात्र हसण्यासारखे होते. एका ठेकेदाराने आवारात नवे कॅमेरे लावले आणि त्यांच्या वायरी हव्या त्या भोकात खोचून दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनमध्ये टोकन नंबर दाखवणाऱ्या टीव्हीवर शवगृहाचं दार दिसू लागलं. बंद दार, समोर एक कुत्रं बसलेलं. नंबरची वाट पाहणारे लोक बराच वेळ मुकाट्याने ते दार बघत होते. कोणाची विचारायची हिंमत होईना. तो धावत आला, जिन्याखाली पेटीपुढे बसला, आणि टीव्हीवर पुन्हा टोकन नंबर आले. "काय झालं होतं हो?" मी विचारलं.

"दोन गल्ल्या अलग ठेवल्या होत्या, सिस्टर. कॅमेऱ्याची अलग, टीव्हीची अलग. त्यानं कॅमेरा टीव्हीच्या गल्लीत आणून बसवला."

दुसऱ्या वेळी दोन प्रिंटरांना एकच नंबर दिला गेला होता, एका गल्लीत दोन घरांना एकच घर नंबर असावा तसा. आदल्या दिवशी वारलेल्या एका बाईचा रक्ताचा रिपोर्ट, बायकांच्या वॉर्डात, तिच्याच पलंगाशेजारच्या प्रिंटरमधून निघाला. वर तिचं नाव. त्या पलंगावर नवी आलेली पेशंट तो कागद धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, हा माझा का? त्याने प्रिंटरचा नंबर बदलला आणि तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "माय, तुमचा नाई तो. मशीनची चूक हाये." मग जाता जाता मला हळूच म्हणाला, "मशीनची कायची? मशीन सांगतलं तेच करते."

तो मूळ गुडीहत्नूरचा. हैदराबादला एका मोठ्या कंपनीत होता, आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आला. रोज बसने यायचा. डब्यात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, आणि माझ्या टेबलाशी बसून खाताना अर्धं लक्ष स्क्रीनवर. आयसीयूतल्या प्रत्येक पलंगाशी एक मशीन असतं. नाडी, ऑक्सिजन, श्वास, सगळे आकडे तिथे दिसतात, आणि तेच आकडे पेटीतून माझ्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर येतात. आठही पलंग एका नजरेत. मला तो स्क्रीन म्हणजे आधार वाटायचा. त्याला वाटायची भीती.

"मशीन बंद पडलं तं बरं असते," तो एकदा घास हातात धरून म्हणाला. "लाल अक्षर येते, माणूस धावते. अर्धवट चालू असलं, त्याचा भेव वाटते मले."

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी मोठं वादळ झालं. कुठेतरी जवळच वीज पडली आणि आमच्या मजल्यावरची पेटी जळाली. सोबतची बॅटरीही गेली. त्याची सुट्टी होती. ठेकेदाराने तातडीने एक पेटी आणून बसवली. कुठल्यातरी ऑफिसातून काढलेली, वापरलेली. सगळे दिवे लागले, स्क्रीनवर आकडे आले, साहेब खूश झाले.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि पेटीसमोर कंबरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

"चालू आहे की," मी म्हणाले.

"चालू हाये. पण ही दुसऱ्याच्या घरी नांदून आली, सिस्टर. तिकडच्या सवयी घेऊन आली. इथं काय करन, काय सांगता येते?"

मग लॅपटॉप मांडीवर घेऊन तो कॉरिडॉरमध्येच स्टुलावर बसला. आमच्या मजल्याची पेटी काचेच्या खोलीबाहेर भिंतीवरच्या कपाटात होती. काचेची खोली म्हणजे कोरोनात बांधलेली आयसीयूची शेवटची खोली. दार लावलं की आतला आवाज बाहेर येत नाही. संसर्ग असलेला पेशंट तिथे ठेवायचा. मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले तेव्हा तो बोटाने एक एक भोक मोजत होता.

"एका वायरीचे दोन्ही टोकं एकाच पेटीत खोचले तं काय होते, ठाऊक?"

"काय होतं?"

"पेटी सोताशीच बोलत बसते. एकच गोष्ट, परत परत. इतकी, की बाकी कोणाचं काई पोचूनच नाई राह्यलं, अन् पोचलं तं तुकड्या-तुकड्यानं. दिवे सारे लागेल असते. लुकलुक करून राह्यले असते. बाहेरून पाहाल तं वाटन, किती काम करून राह्यली." त्याने चहाचा घोट घेतला. "पेटीले सांगून ठेवता येते, असं कोणी केलं तं ते भोक बंद कर म्हणून. हिच्या आधीच्या मालकानं ते काढून टाकलं होतं. आता मी घालून राह्यलो."

तेवढ्यात वरून फोन आला. दवाखान्याचे अ‍ॅडमिन साहेब तहसीलमधून रिटायर होऊन आलेले, बोलण्यात अजून तीच कचेरी. मीटिंग हॉलमध्ये पाहुणे आलेत, इंटरनेट नाही, हाजिर व्हा. "आलोच साहेब," तो म्हणाला, लॅपटॉप मिटला आणि जिना चढून गेला. चहा अर्धा राहिला.

आता मला जे कळतं ते तेव्हा कळत नव्हतं. पेटीला सांगितलेलं तिने लगेच मानलेलं असतं, पण लक्षात ठेवलेलं नसतं. लक्षात ठेव म्हणून तिला वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं नाही आणि तिची वीज गेली, की उठल्यावर ती जुन्या सवयींसकट उठते. त्या संध्याकाळी लाईन गेली. जनरेटर सुरू व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. बॅटरी जळालेलीच होती. लाईन आली, दिवे लागले, आकडे आले. कोणालाच काही वेगळं दिसलं नाही. त्यालाही नाही. आपण पेटीला ते सांगितलं आहे, असं तो धरून चालला होता.

इथे मला मावशींबद्दल सांगितलं पाहिजे. त्या आता नाहीत, म्हणूनच हे सांगता येतं.

मावशी आमच्या मजल्यावर झाडू-पोछा करायच्या. तामसीच्या. तरुणपणी दुसऱ्यांच्या कापसात राबल्या, आणि त्या मजुरीवर धाकट्या भावाला शिकवलं. आई-बाप लवकर गेले होते. भाऊ मास्तर झाला, गावच्या शाळेत गुरुजी म्हणूनच रिटायर झाला. मावशींच्या तोंडी दिवसातून कितीदा तरी 'आमचे गुरुजी' यायचं. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलेलं मला आठवत नाही.

लाईन गेली त्याच आठवड्यात त्या गुरुजींनाच फुप्फुसाचा संसर्ग झाला आणि त्यांना काचेच्या खोलीत ठेवलं. मावशींना आत जायची परवानगी नव्हती. त्या बाहेरची फरशी पुसायच्या. पुसलेलीच पुन्हा पुसायच्या. काचेला नाक लावून उभ्या राहायच्या आणि गुरुजी आतून हात हलवायचे.

तो दिवस तसा चांगला उजाडला होता. गुरुजींनी सकाळी थोडी पेज घेतली होती, ऑक्सिजन वाढला होता. दुपारी भाजीपाल्यावर फवारणी करताना विष भिनलेला एक माणूस आणला, तोंडातून फेस, अंग आकडीने वाकलेलं. डॉक्टर आणि माझ्या हाताखालच्या दोघी नर्स त्याच्या पलंगाशी. मी इंजेक्शनं काढून देत होते, आणि मधून मधून स्क्रीनकडे बघत होते. काचेच्या खोलीचा आकडा हिरवा. नाडी ब्याऐंशी. ठीक.

दार धाडकन उघडलं. तो होता. चपला पायातच होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"सिस्टर, खाली बिलिंग अडकून राह्यली, अन् पेटीचे सारे दिवे एकदमच लुकलुक करून राह्यले." बोलता बोलता तो स्क्रीनजवळ आला आणि बोट ठेवून म्हणाला, "हा ब्याऐंशी कवापासून ब्याऐंशी हाये?"

मी पाहिलं. नाडीचा आकडा एका जागी राहत नाही. एकाने खाली, दोनाने वर, असा सारखा हलत असतो. हा हलत नव्हता. त्याच्याखालची लाट अर्ध्यावर थांबली होती.

मी हातातलं सोडून धावले. आयसीयूच्या हॉलमधले बाकीचे पेशंट डोळ्यांसमोर होते, ठीक होते. काचेच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा पलंगाशेजारचं मशीन ओरडत होतं. आतल्या आत किती वेळ ओरडत होतं, कोणास ठाऊक. गुरुजींचा मास्क हनुवटीवर घसरला होता. ओठ निळे पडले होते.

पुढचं सगळं आम्हाला शिकवलेलं आहे, ते हातांनी केलं. छाती दाबली, नळी टाकली. नाडी परत आली. गुरुजी परत आले असं मात्र म्हणता येणार नाही. व्हेंटिलेटरवर ते आणखी काही दिवस होते. डोळे उघडले नाहीत.

त्या दुपारी गडबड ओसरल्यावर मी बाहेर आले. तो काचेच्या खोलीबाहेर गुडघ्यांवर बसला होता. भिंतीत खालच्या बाजूला वायरींसाठी दोन भोकांची एक पाटी आहे, दोन्ही भोकं आतून पेटीलाच गेलेली. तिथून आमचं ट्रॉलीवरचं एक मशीन हलवलं होतं आणि त्याची वायर नुसती लोंबत राहिली होती, एक टोक भिंतीत, दुसरं मोकळं. आता दोन्ही टोकं भिंतीत होती. एक या भोकात, एक त्या भोकात. त्याने एक टोक ओढून काढलं. कपाटातल्या पेटीचे दिवे क्षणभर सगळे विझले आणि मग एकेक करून आपापल्या चालीने लागले.

मावशी तिथेच भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर तोंडात धरलेला.

"सिस्टर, कशी नजर लागली ओ माह्या भावाले," त्या म्हणाल्या. "सकाळी चांगला होता. म्या किती निगा ठेवून राह्यली. आता दुपारीच हा सारा कोपरा घासून पुसला. उद्या चालाले लागन, पायात येईन, पडन म्हणून ती लोंबती वायर बी उचलून भोकात खोचून देल्ली. एवढं सारं केलं, तरी..."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं.

त्या रडत राहिल्या. त्यांना काहीही कळलं नव्हतं. त्याने ती वायर हळूहळू गुंडाळली, अगदी हळू, जणू आवाज झाला तर काही जागं होईल, आणि पिशवीत ठेवून दिली.

साहेबांनी चौकशी बसवली. गुरुजींचे नातेवाईक आले होते, बाहेर गर्दी होती, कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं. साहेब म्हणाले, "बाकी मला काही समजत नाही. कसूर कोणाचा एवढं सांगा. ती वायर कोणी खोचली? बयान लिहून घेतो."

मी तोंड उघडणार एवढ्यात तो म्हणाला,

"मी."

"तुम्ही?"

"टेस्टिंग करून राह्यलो होतो. काढाची राहून गेली."

साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. एवढ्या लवकर कोणी कबूल होतं यावर त्यांचा विश्वास बसत नसावा. मग त्यांनी लिहून घेतलं आणि त्याने सही केली.

मी त्याला जिन्यात गाठलं. "काऊन केलं असं, भाऊ?"

"खोटं काय हाये त्यात?"

"वायर तुम्ही नाही लावली."

"सिस्टर, वायर कोणीबी खोचन. लहान पोरगं खोचन. तुमी खोचाल. खोचली तरी कोणाले काई होऊ नये, हे माहं काम होतं. म्या सेटिंग केली अन् सेव्ह नाई केली. त्या दिवशी लाईन गेली, तवा तरी येऊन पाहाले पाहिजे होतं. म्या नाई पाह्यलं."

"तुम्हाला वर बोलावलं होतं. मी होते ना तिथे."

"बोलावलं तं काय झालं? दोन शब्द टाइप कराले कितीक टाइम लागते?"

डॉक्टर मला म्हणाले होते, गुरुजींची फुप्फुसं आधीच फार खराब होती, हे झालं नसतं तरी कदाचित... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

गुरुजी गेले. तामसीला पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला मी गेले होते. शाळेमागे मांडव घातला होता. तसबिरींपुढे मेणबत्त्या, गुरुजींचे जुने विद्यार्थी पांढऱ्या कपड्यांत, काही केस पिकलेले. वंदना झाली. कोणी कोणी गुरुजींबद्दल बोललं. जेवणाच्या पंगती बसू लागल्या तेव्हा मला तो दिसला. मांडवाच्या शेवटच्या खांबाशी, हात जोडून उभा. आदिलाबादहून तामसीच्या बसने आला असणार.

मावशींनीही पाहिलं. त्या उठल्या. दोन्ही बाजूंनी बायकांनी धरलं तरी त्या पुढे गेल्या.

"तू काऊन आला इथं? माह्या भावाले खाल्लं, आता जेवाले आला का?"

पंगतीतली माणसं वळून बघू लागली.

"बोल ना! एक वायर काढता नाई आली तुले? एक वायर!"

तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, माय."

"माय म्हणू नको मले!"

एकदोन तरुण पुढे सरसावले. त्याने चपला घातल्या आणि तो चालू लागला. मी मागोमाग गेले. बसथांब्याच्या शेडखाली तो उभा होता. ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर माणूस नव्हतं. त्याने हात खिशात घातले होते.

"मी सांगून टाकते," मी म्हणाले. "हे बरोबर नाही. मी आत्ता जाऊन सांगते."

"सिस्टर." इतक्या जोरात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिले तो एकच भाऊ होता. त्याच्यासाठी तिनं जनम घातला. आज तिचा सारा राग माह्यावर हाये, तवर ती उभी राहीन. तोच राग सोतावर उलटला तं ती एक दिवस तरी जगन का? तुमी सिस्टर हा. तुमीच सांगा."

बस आली. तो चढला. खिडकीतून त्याने एवढंच म्हटलं, "मले वचन देऊ नका. फक्त सांगू नका."

दवाखान्याने त्याला काढलं. गावात बातमी पसरली होती, दुसरीकडे कोणी ठेवेना. आई वारल्यावर तो बायको-मुलीला घेऊन पुन्हा हैदराबादला गेला. सुरुवातीला त्याची बायको मला फोन करायची. सांगायची, नोकरी आहे, ठीक आहे. पण झोपत नाहीत, सिस्टर. पोरगी झोपली की तिच्या नाकाशी हात धरून बघतात. मी हाताला धरून बाजूला नेलं तरी पुन्हा जाऊन बघतात. मी तिला म्हटलं, त्याला डॉक्टरकडे ने. नेते म्हणाली. मग तिचे फोन कमी झाले.

इकडे मावशी कामावर परत आल्या. रोज फरशी पुसताना त्या त्याला शिव्या द्यायच्या. त्याचे हात झडो, त्याचं वाटोळं होवो. त्या भाषेत मी तुम्हाला सांगणार नाही. त्या शिव्यांवरच त्या जगल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांची पाठ ताठ झाली. पहिल्यापेक्षा जास्त जेवू लागल्या. काचेच्या खोलीबाहेरची फरशी तशीच घासून घासून पुसायच्या, आणि मी माझ्या टेबलाशी बसून ऐकायची. कितीदा तरी शब्द ओठावर आले. प्रत्येक वेळी मी त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि गप्प बसले.

गेल्या हिवाळ्यात मावशी आमच्याच दवाखान्यात भरती झाल्या. आजार पोटाचा होता, उशिरा कळला. एका सकाळी मी त्यांचे केस विंचरत होते. त्या आपणहून म्हणाल्या,

"सिस्टर, तो वायरवाला कुठं असते आता?"

मी फणी खाली ठेवली. "हैदराबादले. काऊन?"

"म्या लय बोलली त्याले. मांडवातून हाकलला. लोकाइच्या घरी कुत्र्यालेबी कोणी असं हाकलत नाई." त्या दम घेऊन म्हणाल्या, "चूक झाली बिचाऱ्याची. कोणाची होत नाई? जाणून थोडीच केली. आता माह्या मनात काई नाई. तुमी सांगाल त्याले?"

"सांगते, मावशी."

"म्हणा, म्या माफ केलं."

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याचा नंबर लावला. वाटलं नव्हतं लागेल. बऱ्याच घंट्यांनंतर त्याने उचलला. पाठीमागे मोठ्या मशीनांचा सारखा घूं घूं आवाज. मी नाव सांगितलं.

"मावशी गेल्या, भाऊ."

"कवा?"

"काल. जाताना तुमची आठवण काढली. म्हणाल्या, त्याला सांगा, माफ केलं."

नुसता मशीनांचा आवाज येत राहिला. मी दोनदा हॅलो म्हटलं.

मग त्याने विचारलं, "तिले कळलं तं नाई ना?"

"नाही. शेवटपर्यंत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. आणि मग त्या घूं घूं आवाजात दुसरा एक आवाज ऐकू येऊ लागला. तो रडत होता. माणूस फोन तोंडापासून लांब धरून रडतो तसा. मी थांबले. वाटलं, थोडा शांत झाला की बोलेल. फोन कोणी ठेवला तेही मला आठवत नाही.

त्यानंतर मी कितीदा तरी लावला. आता तो नंबर दुसऱ्या कोणाकडे गेला असावा; एक अनोळखी बाई उचलते, तेलुगूत म्हणते, राँग नंबर. परवा तर माझा आवाज ओळखून ती आधीच म्हणाली, "तो इथे नाही, अम्मा."